रोजनिशी लिहितो, पण बदल काहीच होत नाही. नेमकं लिहायचं काय आणि कसं?

कोरं पान

मंडळी, झोपण्याआधी डायरी लिहायची सवय लागली आहे, त्यामुळे 'सुरुवात कशी करू' हा प्रश्न नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मागची पानं चाळली की दिसतं ते असं: निम्मी पानं म्हणजे दिवसभराची हजेरी. उठलो, गेलो, आलो, जेवलो. उरलेल्या पानांवर तक्रारी, त्याही त्याच त्या दोन-तीन माणसांबद्दल. आणि पानाच्या तळाशी संकल्प: 'उद्यापासून चिडायचं नाही', 'आता ठाम राहायचं'. हेच संकल्प पंधरा दिवसांनी पुन्हा उगवतात.

जाणकारांना विचारायचं ते हे:

१. स्वतःला सुधारण्यासाठी लिहायचं तर त्याची काही बांधलेली पद्धत आहे का?
२. लिहिल्यावर मन हलकं होतं म्हणतात. कधी कधी उलटंच होतं, लिहिता लिहिता राग वाढतो. असं का?
३. रोज लिहावं की आठवड्यातून एकदा?
४. वही बरी की मोबाइल? घरात चार माणसं आहेत, वही कोणाच्या हाती लागेल ही धास्ती असतेच.

'रोज कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहा' छापाचे सल्ले कृपया नकोत. ते वाचून झालेत.

तळटीप

तुमच्या वहीत एकाच पानावर दोन कामं चालली आहेत आणि घोळ तिथेच आहे. मन मोकळं करण्यासाठी लिहिणं वेगळं, घडलेल्यातून शिकण्यासाठी लिहिणं वेगळं. दोन्हींचे नियम जवळजवळ उलटे आहेत. पहिल्यात क्रम, भाषा, अचूकपणा कशाचीच पर्वा करायची नसते आणि लिहिलेलं परत वाचलं नाही तरी चालतं. दुसऱ्यात अचूकपणा नसेल तर हाती काही लागत नाही, आणि परत वाचलं नाही तर लिहिलं काय न लिहिलं काय. पहिल्या प्रकाराबद्दल इथल्या सदस्या 'खोडरबर' सांगतीलच, मी दुसऱ्याबद्दल लिहितो.

पद्धती आहेत आणि त्या शिक्षक, परिचारिका, डॉक्टर यांच्या प्रशिक्षणातून आल्या आहेत. सर्वांत सुटसुटीत म्हणजे टेरी बॉर्टन या अमेरिकी शिक्षकाने १९७० मध्ये मांडलेले तीन प्रश्न: काय झालं? मग त्याचं काय? आता पुढे काय? आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा जो भाग आहे त्यातही मुलांकडून याच धर्तीवर लिहून घेतात. दुसरी पद्धत ग्रॅहम गिब्जची, १९८८ ची, सहा टप्प्यांची: वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, कृती आराखडा. बी.एड.च्या आंतरवासितेत चिंतनपर नोंदी लिहिलेल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. (गुणांसाठीचं चिंतन सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांच्या फायली बघून लिहिलं जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो दोष पद्धतीचा नाही.)

रोज सहा टप्पे लिहायला बसलात तर आठवड्याभरात वही बंद पडेल. रोजच्याला तीन प्रश्न पुरेत. गिब्ज महिन्यातून एखाद्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवा.

आता प्रत्यक्ष बघू. साधारण अशी नोंद कोणाच्याही डायरीत सापडते:

'आज मीटिंगमध्ये साहेबांनी सगळ्यांसमोर अपमान केला. नेहमीचंच. मला बोलताच येत नाही. उद्यापासून ठाम राहायचं.'

चार वाक्यांत एकही घटना नाही. 'अपमान केला' हा निकाल आहे. 'नेहमीचंच' हा आकडा न देता केलेला हिशोब. 'बोलताच येत नाही' हा स्वतःच्या स्वभावावर मारलेला शिक्का. शेवटचा संकल्प कुठे, कधी, कोणासमोर, काही नाही. महिन्याने हे वाचलं तर राग तेवढा परत येईल, बाकी त्यातून काहीच उचलता येणार नाही. तोच प्रसंग असा लिहा:

'बुधवार, सकाळी ११ ची बैठक, आम्ही सात जण. विक्रीचा तक्ता पडद्यावर होता. साहेब म्हणाले, "हे आकडे कोणी तपासले?" मी म्हणालो, "मी." ते म्हणाले, "बरं," आणि पुढच्या पानावर गेले. त्यानंतर बैठक संपेपर्यंत मी बोललो नाही. कान गरम झाले होते.

मला वाटलं: सगळ्यांसमोर चूक दाखवली. दुसरा अर्थ: त्यांना खरंच नाव हवं होतं, कारण तिसऱ्या रकान्यातली बेरीज मागच्या महिन्याशी जुळत नव्हती. तिसरा: आधीच्या फोनमुळे ते तुसडे होते, माझा संबंध नव्हता.

पुढच्या बुधवारी: तक्ता मंगळवारी ४ पर्यंत मेल करायचा, फरक असलेल्या रकान्याखाली एक ओळ टाकायची. पुन्हा "कोणी तपासले" असं आलं तर उत्तर: "मी तपासले, तिसऱ्या रकान्यातला फरक परताव्यांमुळे आहे."'

यातला पहिला परिच्छेद कॅमेऱ्याला दिसेल, टेपला ऐकू येईल एवढाच. एकच अपवाद, शरीरात काय झालं ते. कान गरम होणं, पोटात खड्डा पडणं, आवाज चढणं हे लिहून ठेवा, कारण पुढच्या वेळी सगळ्यांत आधी जाणवणारी खूण तीच असते. बोललेली वाक्यं जमेल तितकी शब्दशः अवतरणात, स्वतःचीही. आपलं वाक्य गोड करून आणि समोरच्याचं तिखट करून लिहायची सवय सगळ्यांनाच असते, तिथे लक्ष ठेवा.

दुसऱ्या परिच्छेदात किमान एक दुसरा अर्थ लिहायचाच, पटला नाही तरी. तो खरा आहे की नाही हे आज ठरवायचं नाही. पुढच्या दोन-तीन नोंदी ते ठरवतात.

तिसऱ्यात संकल्प नको, 'जर असं झालं तर मी असं करीन' या साच्यातलं एक वाक्य हवं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यावर बरंच काम केलं आहे. नुसतं ध्येय ठरवणाऱ्यांपेक्षा वेळ, जागा आणि कृती बांधून ठेवणाऱ्यांच्या हातून ती गोष्ट घडण्याची शक्यता जास्त असते. कारण साधं आहे: ऐन वेळी विचार करायला डोकं ठिकाणावर नसतं, त्यामुळे विचार आधीच करून ठेवायचा. 'ठाम राहायचं' ही इच्छा झाली. 'मंगळवारी ४ पर्यंत मेल' हे करता येतं, आणि केलं की नाही ते तपासताही येतं.

मात्रा: एक प्रसंग, एक पान, १२ ते १५ मिनिटं. दिवसभराचं सगळं नको. प्रसंग निवडायची कसोटी एकच ठेवा: आज अपेक्षेपेक्षा वेगळं काय घडलं? त्यात चांगलंही येतं. नेहमी अडणारं काम आज सहज का झालं, हे लिहिणारे फार थोडे, आणि खरं तर तिथून जास्त शिकायला मिळतं.

खोडरबर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

मन मोकळं करण्याच्या लेखनावरचा मूळ प्रयोग जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या संशोधकांचा, १९८६ चा. कॉलेजच्या मुलांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं लिहिलं. काहींनी किरकोळ विषयांवर, काहींनी आयुष्यातल्या क्लेशदायक प्रसंगावर. ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना दोन्ही लिहिल्या, ती मुलं पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेली. ही बातमी सगळीकडे पोचली. जी पोचली नाही ती अशी, की लिहून उठल्यावर लगेच त्याच मुलांना जास्त उदास वाटत होतं. म्हणजे 'लिहिलं की हलकं वाटतं' हे त्या क्षणापुरतं खरं नसतं, आणि तुमचा अनुभव त्याला धरूनच आहे. पुढे असे १४६ अभ्यास एकत्र करून २००६ मध्ये आढावा घेतला गेला. सरासरी फायदा दिसला, पण लहान. चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

त्या प्रयोगातला 'चार दिवस' हा भाग सगळे विसरतात. तोच प्रसंग रोज, महिनोन् महिने लिहायचा नसतो. सलग तीन ते चार दिवस, १५ ते २० मिनिटं, न थांबता, शुद्धलेखन न बघता. मग तो विषय बंद. वही मिटल्यावर दहा-पंधरा मिनिटं भाजी निवडा, कपडे वाळत घाला, पण लगेच अंथरुणात जाऊ नका. झोपण्याआधीची वेळ या लेखनासाठी सर्वांत वाईट, कारण उदासी येते ती नेमकी डोळे मिटल्यावर. तुमचा राग वाढण्याचं निम्मं कारण घड्याळात असू शकतं. संध्याकाळी घरी आल्यावर, चहा झाला की लिहून बघा.

उरलेलं निम्मं कारण म्हणजे उगाळणं. मोकळं होणं आणि उगाळणं वरून सारखंच दिसतं. फरक ओळखायला तीन-चार दिवसांची पानं शेजारी ठेवा. पेनेबेकरांना लिखाणातले शब्द मोजताना दिसलं, की फायदा झालेल्यांच्या लिखाणात दिवसागणिक कारण आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले. मराठीत म्हणाल तर 'कारण', 'म्हणून', 'लक्षात आलं', 'आता वाटतं'. तुमच्या चौथ्या पानावर पहिल्यासारखेच 'नेहमी', 'कधीच', 'मुद्दाम', 'सगळे' असतील तर गाडी जागच्या जागी फिरतेय.

असं झालं तर काय करायचं:

'का' वर अडकला असाल तर 'काय' आणि 'केव्हा' वर या. 'ती माझ्याशी असं का वागते?' याला अंत नाही, तिच्या मनातलं तुम्हाला दिसणार नाही. 'ती काय म्हणाली, त्याआधी मी काय म्हणालो, मला केव्हा राग आला' याला उत्तर आहे.

'मी' सोडून स्वतःला नावाने लिहा. 'सुनीलला आज राग आला, कारण त्याला वाटलं की...' सुरुवातीला नाटकी वाटतं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात, ताणाच्या प्रसंगाआधी स्वतःशी नाव घेऊन बोलणाऱ्यांना 'मी मी' करणाऱ्यांपेक्षा कमी त्रास झालेला दिसला. एक परिच्छेद एवढाच लिहायचा, सगळी वही नाही.

आणि थांबायचा नियम. लिहिताना हात कापायला लागले, श्वास लागला, 'हे आता सहन होणार नाही' असं वाटलं तर लगेच थांबा, विषय बदला. नुकताच मृत्यू झाला आहे, अपघात झाला आहे, अशा ताज्या घटनेवर पहिल्या काही आठवड्यांत हे लेखन मुद्दाम करू नये. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल किंवा जगू नये असे विचार वहीत उतरत असतील तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

दुपारचा चहा

एवढा हिशोब ठेवायचा तर जगायचं कधी? रोज ऑफिसच्या मीटिंगचं पंचनाम्यासारखं वर्णन म्हणजे डायरीतली मजाच गेली.

तळटीप

मजेची डायरी वेगळी ठेवा की, कोण नको म्हणतंय. पाऊस, प्रवास, भेळ सगळं लिहा. धागाकर्त्याने बदल का होत नाही हे विचारलंय, म्हणून पंचनामा. आणि तोही रोज नको. तिसरा प्रश्न तोच होता: शिकण्याच्या नोंदी आठवड्यातून दोन किंवा तीन. रोज लिहायचं ठरवलं की ज्या दिवशी काही घडलं नाही त्या दिवशी भरताड येतं, मग हजेरी, मग कंटाळा. पण ठरलेल्या दिवसांआड मोठं काही घडलं तर त्याच दिवशी, निदान २४ तासांच्या आत, शब्दशः वाक्यं तेवढी टिपून ठेवा. विश्लेषण नंतर करता येतं. वाक्यं मात्र दोन रात्रींत बदलतात.

आकडेमोड

एक प्रकार राहिला, तो सांगतो: निर्णयांची नोंद. माझ्या मते सगळ्यांत कमी कष्टात सगळ्यांत जास्त देणारा हाच.

घडून गेलेल्या गोष्टीबद्दल 'मला वाटलंच होतं' असं आपण म्हणतो आणि ते प्रामाणिकपणे म्हणतो. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी हे तपासलं. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत युनियनला जाणार होते. त्या दौऱ्यांत काय काय घडेल याची शक्यता लोकांकडून आधी टक्क्यांत लिहून घेतली. दौरे झाल्यावर त्यांनाच विचारलं, तुम्ही तेव्हा किती टक्के म्हणाला होतात? जे घडलं त्याला आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं लोकांना आठवू लागलं. निष्कर्ष १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. यात खोटेपणा नाही, आठवण निकालाप्रमाणे वळते. म्हणून आठवणीवर विसंबून स्वतःच्या निर्णयातून शिकता येत नाही. आधी लिहिलेलं असेल तरच ताळा लागतो.

नोंदीत पाच गोष्टी: तारीख, निर्णय, दुसरे कोणते पर्याय होते, काय होईल असं वाटतं (मोजता येईल असं), किती टक्के खात्री. शिवाय मनःस्थितीची एक ओळ आणि तपासायची तारीख. नमुना:

'१२ जून. नाशिकची नोकरी घेतोय. पगार महिना ८ हजारांनी कमी. पर्याय: पुण्यातच विभाग बदलून मागणे, किंवा वर्षभर थांबणे. अपेक्षा: डिसेंबरपर्यंत आठवड्यातले चार दिवस ६:३० ला घरी. खात्री ७०%. भीती: सहा महिन्यांत काम कंटाळवाणं वाटेल, ४०%. मनःस्थिती: कालच वरिष्ठांशी वाद झालाय. तपासणी १२ डिसेंबर.'

मनःस्थितीची ओळ गाळू नका. अशा दहा-पंधरा नोंदी जमल्या की दिसतं, घाईचे निर्णय कुठल्या मनःस्थितीत झाले. तपासताना निर्णय आणि निकाल वेगळे धरा. विचार चांगला होता पण नशिबाने दगा दिला, असं होतं. आणि अविचाराने घेतलेला निर्णयही लागून जातो. निकाल चांगला लागला म्हणून पद्धतीला शाबासकी दिली की पुढच्या वेळी ती महागात पडते.

पीटर ड्रकर या व्यवस्थापनतज्ज्ञांनी हीच रीत सांगितली आहे: महत्त्वाचा निर्णय घेताना अपेक्षा लिहा, ९ किंवा १२ महिन्यांनी ताडून बघा. छोट्या निर्णयांना एवढं थांबायला नको, तीन महिने पुरतात. तपासणीची तारीख मात्र फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, पान क्रमांकासकट. वहीत लिहिलेली तारीख वही उघडल्याशिवाय आठवण करून देत नाही.

निबवाला

चौथा प्रश्न माझा.

तारखा छापलेली डायरी घेऊ नका. चार कोरी पानं गेली की अपराधी वाटतं आणि मोठ्या प्रसंगाला जागा पुरत नाही. साधी २०० पानी, एकरेघी, ए-५ किंवा तेवढ्याच आकाराची शिवलेल्या बांधणीची वही. स्पायरल चालेल, पण उलटून ठेवताना पानं निघतात. कागद किमान ७० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा). फाउंटन पेन वापरत असाल तर ८० च्या पुढे, नाहीतर शाई फुटते आणि मागे उमटते. बॉलपेनला काहीही चालतं.

मांडणी महत्त्वाची. पानांना क्रमांक घाला, पहिली चार पानं अनुक्रमासाठी सोडा. मग लिहायचं फक्त उजव्या पानावर. डावं पान कोरं. ते परत वाचतानाच्या शेऱ्यांसाठी, वेगळ्या रंगाच्या शाईने, तारीख घालून. जुन्या मजकुरात खाडाखोड करायची नाही. आज शहाणपण आलं म्हणून मार्चमधलं वाक्य सुधारलंत तर मार्चमधला माणूस पुसला जातो, आणि आकडेमोड वर म्हणाले तो सगळा खटाटोप वाया.

मोबाइल: शोधता येतं, बसमध्ये लिहिता येतं, दोन्ही फायदे खरे. मराठीत बोलून लिहायची सोय आता बरी आहे, पण विरामचिन्हं बरेचदा येत नाहीत आणि बोलताना माणूस वाहवत जातो. मोकळं होण्यासाठी ठीक, पंचनाम्यासाठी टाइपच करा. गोपनीयतेची एक गोची लोकांच्या उशिरा लक्षात येते: घरच्या टॅबवर किंवा मुलांच्या फोनवर तुमचंच खातं उघडलेलं असेल तर तुमच्या फोनमधली टिपणं तिथेही दिसतात. फोनला कुलूप आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फक्त त्याच फोनवर राहणारी किंवा स्वतंत्र पासवर्ड मागणारी सोय बघा. आणि बॅकअप घ्या, तोही पासवर्ड लावून.

वहीच्या बाबतीत घरात चार माणसं असतील तर कुलपापेक्षा लिहिण्याची सवय जास्त उपयोगी. नावांऐवजी खुणा: क, म, 'दोन नंबर'. 'मोकळं होण्याचं' लेखन या वहीत नकोच. ते सुट्या कागदावर लिहा आणि चार दिवस झाले की फाडून टाका. शिकण्याच्या नोंदी तळटीप यांनी सांगितल्या तशा असतील तर त्या कोणी वाचल्या तरी फार आकाश कोसळत नाही, कारण त्यात शिव्याशाप नसतात.

कोरं पान

सर्वांचे आभार. सुटे कागद आणि वही वेगळी, हे लगेच पटलं. एक अडतंय. परत वाचायचं म्हणता, पण वाचताना बघायचं काय? नुसतं वाचलं तर लाज वाटते नाहीतर राग येतो.

तळटीप

गोष्ट वाचल्यासारखं वाचू नका, मोजत वाचा.

महिन्याच्या शेवटी ४० मिनिटं काढा. तेवढ्यात आठ ते बारा नोंदी होतात. प्रत्येक नोंदीसाठी एका कागदावर एक आडवी ओळ, त्यात रकाने: वार आणि वेळ, जागा, कोण समोर होतं, शरीराची खूण, 'जर-तर' केलं की नाही. भावनांचा रकाना मुद्दाम नाही, तो घातला की पुन्हा त्यात शिरता. लाज वाटते ती मजकूर वाचताना, रकाने भरताना फारशी वाटत नाही.

मग रकाना उभा वाचा. बारा नोंदींपैकी सात संध्याकाळी ७ नंतरच्या आणि त्यातल्या पाच जेवणाआधीच्या असतील, तर तुम्ही ज्याला 'माझा चिडका स्वभाव' म्हणत होतात त्यात भुकेचा आणि थकव्याचा वाटा मोठा आहे. तिथे स्वभाव बदलायची गरज नाही, साडेसहाला काहीतरी खायची गरज आहे. उलट, वेळ-जागा वेगवेगळ्या पण माणूस तोच असेल तर प्रश्न त्या नात्याचा. माणसंही वेगळी पण प्रसंग एकाच जातीचे (कोणी कामाबद्दल विचारणा केली की कान गरम) असतील, तेव्हा कुठे 'हे माझं आहे' असं म्हणायला जागा आहे. तीन-चार नोंदींवरून असं काही ठरवू नका, दोन महिने जाऊ द्या.

'जर-तर' चा रकाना सगळ्यांत बोलका. 'केलं नाही' असं सलग तीनदा आलं तर स्वतःला दोष देऊ नका, वाक्य बदला. तीन कारणं नेहमी सापडतात. 'जर' धूसर असतं: 'राग आला तर' पेक्षा 'कान गरम झाले तर' पकडता येतं. 'तर' मोठं असतं: 'शांतपणे समजावून सांगीन' हे त्या क्षणी जमत नाही, 'पाण्याचा घोट घेऊन मग उत्तर देईन' जमतं. किंवा 'तर' मध्ये नकार असतो: 'ओरडणार नाही' यात करायचं काय ते सांगितलेलंच नाही. एका वेळी एकच जर-तर चालू ठेवा. पाच ठेवलेत की ऐन वेळी एकही आठवत नाही.

खोडरबर

एक भर. परत वाचताना 'नेहमी', 'कधीच', 'मुद्दाम', 'सगळे' या शब्दांना पेन्सिलने गोल करा आणि डाव्या पानावर आकडा लिहा: 'नेहमी' म्हणजे या महिन्यात किती वेळा? बहुतेकदा दोन. कधी खरंच आठ निघतात, आणि मग ती तक्रार राहत नाही, समोरच्याशी बोलायचा मुद्दा होतो. बोलायला जाताना वही घेऊन जाऊ नका मात्र. नवरा-बायकोत तर अजिबात नाही. तारीखवार पुरावा काढलात की वही हत्यार होते, आणि मग पुढची पानं समोरच्याला दाखवायच्या हिशोबाने लिहिली जातात.

दुपारचा चहा

भुकेचं गणित पटलं. सातच्या आतलं खाणं सुरू करतो, वहीचं बघू.

कोरं पान

शेवटचं. इंग्रजीत लिहू की मराठीत? ऑफिसचं सगळं अर्धं इंग्रजीत घडतं. आणि जुन्या वह्यांचं काय करू, त्यांतूनही रकाने काढू का?

तळटीप

वाक्य ज्या भाषेत बोललं गेलं त्याच भाषेत अवतरणात. बाकीचं ज्या भाषेत मनातल्या मनात भांडता त्या भाषेत.

जुन्या वह्यांतून रकाने निघणार नाहीत, त्यात घटनाच नाहीत. फक्त संकल्प शोधा. पानाच्या तळाचे सगळे संकल्प एका कागदावर उतरवा, सारखे असतील ते एकाखाली एक. जो सगळ्यांत जास्त वेळा आलाय तो घ्या, त्याचं एक जर-तर करा आणि नव्या वहीच्या पान ५ वर लिहा, पहिली चार अनुक्रमाची आहेत म्हणून.